खेळण्यातले शिपाई

दिवाळीची सुट्टी लागली की आपल्याकडे अंगणाअंगणातून किल्ले उभे राहू लागतात. दगड आणि विटा रचायच्या, त्यावर जुने पोते टाकायचे, वरून चिखल लिंपायचा आणि त्यात मोहरी नाही तर अळीव पेरायचे. चार दिवसांत डोंगर हिरवागार होतो. मग माथ्यावर सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज, दरवाजावर पहारेकरी, बुरुजाबुरुजावर भाले रोखून उभे असलेले मातीचे मावळे. पोरांना तहानभूक राहत नाही.

पण मंडळी, पुढे त्या मावळ्यांचे काय होते? दिवाळी सरते, किल्ला ढासळतो. कुणा मावळ्याचा हात मोडतो, कुणी अवकाळी पावसात विरघळतो, उरलेले माळ्यावर एखाद्या डब्यात पडून राहतात. पुढल्या वर्षी बाजारातून नवे येतात आणि जुन्यांची कुणाला आठवणही राहत नाही.

आज ज्या हौसेची हकीकत सांगायची आहे, ती नेमकी या ठिकाणी सुरू होते. खेळ संपल्यावर उरलेला शिपाई उचलून जपून ठेवणारी माणसे युरोपात आणि अमेरिकेत पुष्कळ आहेत. चांगली पिकल्या केसांची माणसे! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा, दोन इंच उंचीचा, रंग उडालेला शिशाचा शिपाई मिळावा म्हणून ती लिलावात बसतात, पदरचे पैसे मोजतात. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरेच. पण ही नुसती हौस नव्हे. त्या चिमुकल्या शिपायाच्या पाठीमागे कारागिरांचा, मुलांचा आणि खऱ्या लढायांचाही इतिहास उभा आहे. तो थोडा उलगडून पाहू.

राजांची खेळणी

शिपायांच्या लहान मूर्ती करण्याची चाल फार जुनी. ईजिप्तमध्ये असियूत या गावी मेसेहती नावाच्या एका सरदाराची कबर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडली गेली. तिच्यात लाकडी शिपायांच्या दोन तुकड्या निघाल्या. एकीत चाळीस ईजिप्शियन भालेकरी, दुसरीत चाळीस न्यूबियन तिरंदाज. वय सुमारे चार हजार वर्षे. ही मात्र खेळणी नव्हेत बरे का. धन्याला परलोकातही सैन्याची साथ असावी, म्हणून ती कबरीत ठेवलेली होती.

खेळण्यातल्या सैन्याचा थाट पुढे युरोपातल्या राजवाड्यांत दिसतो. फ्रान्सचा चौदावा लुई लहान असताना, १६५० च्या सुमारास, त्याच्यासाठी चांदीचे सैन्य घडवले होते. पुढे खऱ्या लढायांचा खर्च भागेना, तेव्हा ते वितळवून टाकले असे सांगतात. रशियाचा तिसरा पीटर तर वयात आल्यावरही या शिपायांत रमलेला असे. त्याची पत्नी कॅथरीन हिने आपल्या आठवणींत एक किस्सा लिहिला आहे. एका उंदराने पीटरच्या पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर चढून दोन पहारेकरी खाल्ले. पीटरने त्या उंदराला लष्करी कायद्याप्रमाणे दोषी ठरवून फासावर लटकावले! हाच पीटर १७६२ साली गादीवर आला आणि सहा महिन्यांत गादीही गेली आणि जीवही गेला.

पाटीचा दगड आणि कथलाचा रस

राजवाड्यातले हे खेळणे सामान्य माणसाच्या घरात आणले ते जर्मनीतल्या न्यूरेम्बर्गच्या कारागिरांनी. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान गॉटफ्रीड हिल्पर्ट नावाचा कथलाचा कारागीर तेथे काम करीत होता. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याने १७५६ ते १७६३ च्या युद्धात मोठे नाव मिळवले होते आणि त्याच्या सैनिकांच्या प्रतिमा लोकांना हव्या होत्या. हिल्पर्टने त्या कथलात ओतल्या.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. आपल्या शाळेत पूर्वी जी दगडी पाटी असे ना, त्याच जातीच्या दगडाचे दोन तुकडे घ्यायचे. एकावर शिपायाची पुढची बाजू कोरायची, दुसऱ्यावर मागची. कोरायची तीही उलटी, म्हणजे उजवा हात डावीकडे. मग दोन्ही तुकडे घट्ट जुळवून वरच्या भोकातून कथील आणि शिसे यांचा तापलेला रस ओतायचा. निघतो तो शिपाई नाण्यासारखा चपटा. बाजूने पाहिला तर रेघेसारखा दिसावा.

पुढे १८३९ साली एर्न्स्ट हाइनरिकसन याने न्यूरेम्बर्गमध्येच कारखाना काढला आणि १८४८ साली शिपायांची उंची तीस मिलिमीटर ठरवून टाकली. आतापर्यंत एका घरचा शिपाई दुसऱ्या घरच्या शिपायापुढे राक्षस दिसे. आता कुठूनही घेतलेले शिपाई एका रांगेत शोभू लागले. लाकडाच्या पातळ पेट्यांतून हा माल वजनावर विकला जाई. म्हणजे पावशेर घोडदळ, अर्धा शेर पायदळ! रंगकाम होई ते घरोघरी. आपल्याकडे बाया घरबसल्या विड्या वळतात, तसे तेथे बायका आणि मुले नगावर शिपाई रंगवीत. एकीने डगले लाल करायचे, दुसरीने बूट काळे करायचे. शिपायाचा डोळा म्हणजे कुंचल्याच्या टोकाचा एक ठिपका.

डेन्मार्कच्या अँडरसनने १८३८ साली लिहिलेली कथलाच्या शिपायाची गोष्ट शिक्षकांना ठाऊक असेल. एका जुन्या चमच्यातून पंचवीस शिपाई ओतले, शेवटच्याला कथील पुरले नाही म्हणून तो एका पायाचाच झाला. या कल्पनेत ओतकामाची खरी माहिती आहे. धातू मोजका होता आणि घरातला जुना चमचासुद्धा शिपाई होऊ शकत होता.

चपट्यांच्या पाठोपाठ भरीव शिपाई आले. पॅरिसमध्ये ल्युकोत आणि मिन्यो, जर्मनीत ड्रेस्डेनचा हाइडे ही त्यातली नावाजलेली घरे. हे शिपाई चहूबाजूंनी पाहावे असे. पण आतून भरलेले, म्हणून जड आणि महाग. ते श्रीमंतांच्याच मुलांना मिळत.

पोकळ शिपायाची युक्ती

ही अडचण लंडनच्या ब्रिटन नावाच्या कुटुंबाने सोडवली. किल्लीची आणि यांत्रिक खेळणी करणारे हे घर. १८९३ साली थोरल्या विल्यम ब्रिटनच्या मुलाने, त्याचेही नाव विल्यमच, पोकळ शिपाई ओतण्याची रीत बसवली.

थंडीच्या दिवसांत तुपाची वाटी कशी थिजते ते आठवा. काठाकडून घट्ट होत येते आणि मधले तूप मात्र पातळच असते. शिशाचेही तसेच. शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा रस धातूच्या साच्यात ओतायचा. साच्याला टेकलेला थर क्षणात थिजतो. तेवढ्यात साचा उलटा करून मधला पातळ रस परत ओतून घ्यायचा. उरते ते नुसते कवच. हात चलाख हवा. क्षणभर उशीर झाला तर शिपाई भरीव होणार, घाई झाली तर अर्धवट निघणार. शिसे वाचले, वजन घटले, किंमत उतरली. लंडनच्या गॅमेजेस या मोठ्या दुकानाने हा माल ठेवला आणि लाल पेट्यांतून तो घरोघर गेला. पायदळाची पेटी सहसा आठ शिपायांची, घोडदळाची पाच स्वारांची. उंची ५४ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांहून थोडी जास्त.

या लाल पेट्यांत हिंदुस्थानही होता. बंगालचे भालाईत स्वार, मद्रासचे पायदळ, बॉम्बे लान्सर्स, बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, अशा पलटणींच्या पेट्या ब्रिटनने काढल्या. फेटा, डगला, कमरपट्टा यांचे रंग पाहून पलटण ओळखता यावी इतके ते नेमके. आपल्या मुलखातला जवान लंडनच्या एखाद्या घरात, सतरंजीवर, इंग्रज मुलाच्या हुकमाने पुढे सरकत होता. पेटीवर पलटणीचे नाव असे. खऱ्या पलटणीतल्या माणसाचे नाव तेथे कुठून असणार?

खेळणारी मुले

या शिपायांशी खेळलेल्या मुलांच्याही हकीकती नोंदलेल्या आहेत. त्यातल्या दोन आपल्या मुलखापर्यंत येऊन पोचतात.

इंग्लंडच्या हॉवर्थ गावात ब्रॉन्टे नावाचे एक पाद्री राहत. १८२६ च्या जून महिन्यात त्यांनी लीड्स शहरातून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली. मुलगा ब्रॅनवेल आणि त्याच्या बहिणी शार्लट, एमिली, ॲन. प्रत्येकाने एकेक शिपाई उचलून त्याला नाव दिले. शार्लटने आपल्या शिपायाचे नाव ठेवले ड्यूक ऑफ वेलिंग्टन. हा वेलिंग्टन म्हणजे तोच आर्थर वेल्स्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणात शिंदे आणि भोसले यांच्या फौजेशी लढाई दिली होती. असईच्या मातीत ज्याने पहिले मोठे नाव कमावले, तो तेवीस वर्षांनी एका पाद्र्याच्या घरी लाकडी शिपाई होऊन उभा राहिला!

या भावंडांनी शिपायांसाठी एक काल्पनिक राज्य रचले आणि त्याची चिमुकली पुस्तके लिहिली. अक्षर इतके बारीक की ती जणू शिपायांनीच वाचायची होती. यातूनच शार्लटला आणि एमिलीला लिहिण्याचा सराव झाला. १८४७ साली 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स' या कादंबऱ्या निघाल्या आणि इंग्रजी साहित्यात कायमच्या राहिल्या. ते शिपाई खेळता खेळता मोडले, हरवले. पण वह्या उरल्या, म्हणून आज त्या बारा शिपायांची हकीकत आपल्याला कळते.

दुसरा मुलगा विन्स्टन चर्चिल. त्याच्याजवळ जवळजवळ पंधराशे शिपाई होते, असे त्याने १९३० च्या आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे. शत्रूची बाजू धाकट्या भावाकडे, जॅककडे. अट अशी की जॅकने काळ्या वर्णाचेच सैन्य ठेवायचे आणि त्याला तोफा ठेवायच्या नाहीत! साम्राज्याचा सारा हिशेब त्या खोलीत मांडलेला होता, नाही का? एकदा वडील ही फौज पाहायला आले. वीस मिनिटे त्यांनी बारकाईने पाहणी केली आणि विचारले, सैन्यात जाशील का? मुलाने आनंदाने होकार दिला. वडिलांना आपल्यातला सेनापती दिसला, असे त्याला पुष्कळ वर्षे वाटत होते. पुढे कळले ते वेगळेच. वकिली करण्याएवढी याची बुद्धी नाही, असे वडिलांचे मत झाले होते. हाच तरुण १८९६ साली लष्करी अधिकारी म्हणून मुंबईच्या ससून डॉकवर उतरला. उतरता उतरता खांदा निखळला आणि त्या दुखण्याने त्याला जन्मभर सोडले नाही.

खेळ आणि खरे युद्ध

एच. जी. वेल्स हा नामांकित इंग्रज लेखक. १९१३ साली त्याने 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तक काढले. जमिनीवर शिपाई मांडायचे, स्प्रिंगच्या लहान तोफेने लाकडी गोळी उडवायची आणि नियमाने लढायचे, असा तो खेळ. पण वेल्स युद्धाचा भोक्ता नव्हता. हा खेळ चारदा खेळून पाहा, म्हणजे खऱ्या लढाईत केवढा गोंधळ आणि किती नाश असतो ते उमगेल, असा त्याच्या पुस्तकाचा रोख आहे. ते कुणी ऐकले नाही. पुढच्याच वर्षी, १९१४ साली, पहिले महायुद्ध पेटले. ब्रिटनच्या पोकळ शिपायांशी जी मुले लहानपणी खेळली होती, ती आता खऱ्या खंदकात होती.

आपल्या घरची मुलेही गेली. सहावी पुणे डिव्हिजन इराकच्या मोहिमेवर धाडली गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूत येथे ही फौज वेढ्यात सापडली. उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिला शरण जावे लागले. कैदेत पुष्कळजण दगावले. आपल्या कित्येक गावांत चावडीच्या किंवा जुन्या इमारतीच्या भिंतीवर एक लहानशी संगमरवरी पाटी दिसते. या गावातून इतकी माणसे महायुद्धाला गेली आणि त्यातली इतकी कामी आली, एवढाच मजकूर. नावे बहुधा नसतात. लाल पेटीवर पलटणीचे नाव होते, येथे नुसता आकडा आहे. तुमच्या गावी अशी पाटी असेल तर ती पाहून या.

युद्ध संपले तेव्हा लोकांना शिपायांचा वीट आला होता. तेव्हा ब्रिटन कंपनीने १९२० नंतरच्या वर्षांत शेतावरची खेळणी काढली. गाई, डुकरे, कोंबड्या, नांगर, कुंपण, शेतकरी आणि त्याची बायको. शिसे तेच, ओतण्याची रीत तीच. बंदुकीऐवजी दुधाची बादली आली इतकेच.

दुसऱ्या महायुद्धाने या धंद्याचा आणखी बळी घेतला. १९४५ च्या फेब्रुवारीत ड्रेस्डेनवर बॉम्ब पडले आणि हाइडेचा कारखाना बेचिराख झाला. युद्धानंतर प्लॅस्टिक आले, स्वस्त आणि न फुटणारे. शिवाय शिसे विषारी. मुले खेळणी तोंडात घालतात आणि शिशाचा अंश पोटात जातो, हे ध्यानात येऊन कायदे कडक झाले. १९६६ साली ब्रिटनचा शिशाचा शिपाई कायमचा बंद झाला.

जमवणारे काय पाहतात

खेळणे बंद झाले आणि ते दुर्मिळ ठरले. जमवणारे त्याआधीही होते. लंडनमध्ये १९३५ सालीच त्यांची एक संस्था निघाली होती. या मंडळींची नजर कशी चालते ते पाहा, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यात शिकण्यासारखे आहे.

शिपायाच्या पायाखाली साल कोरलेले असते. नवशिका म्हणतो, हे शिपाई घडवल्याचे साल. जाणता म्हणतो, नव्हे. दुसऱ्या कारखान्यांनी नक्कल करू नये म्हणून ब्रिटनने १९०० पासून नमुन्याच्या हक्काची तारीख घालायला सुरुवात केली. ते साल नमुन्याचे. त्याच साच्यातून पुढे कितीतरी वर्षे शिपाई निघत राहिले. मग हा शिपाई कधीचा हे कसे ठरवायचे? पायाखालची बैठक पाहायची. ब्रिटनच्या पायदळात लंबगोल ती जुनी, चौकोनी ती नंतरची. रंग मूळचा की मागाहून दिलेला, हात हलतो की अंगाला चिकटलेला, पेटीवरची चिठ्ठी कोणत्या छापाची, हेही तपासायचे. एका खुणेवर विसंबायचे नाही. शिलालेखावरच्या तारखेला किंवा बखरीतल्या सालाला हीच कसोटी आपण लावतो.

दुसरी गोष्ट रंगाची. नवशिक्याला उडालेला रंग पाहून वाईट वाटते आणि तो कुंचला घेऊन बसतो. शिपाई छान दिसू लागतो, पण शंभर वर्षांपूर्वी कुणा बाईने दिलेला तो डोळ्याचा ठिपका कायमचा झाकला जातो. म्हणून जाणते लोक जुन्या रंगाला हात लावत नाहीत. मूळची पेटी असेल तर किंमत पुष्कळ वाढते, कारण शिपाई कोण, कुठला, त्याचे सोबती किती, हे ती पेटी सांगते.

तिसरी गोष्ट जपणुकीची. ओकच्या लाकडाचे देखणे कपाट केले आणि शिपाई आत बंद करून ठेवले, तर त्या लाकडातून निघणाऱ्या आंबट वाफेने शिशावर पांढरट भुकटी धरते आणि शिपाई हळूहळू खाल्ला जातो. ओलसर पुठ्ठ्यातही तेच होते. हवा खेळती हवी, जागा कोरडी हवी. आणि एक सूचना. शिशाचे जुने खेळणे तुमच्या घरी निघाले तर ते लहान मुलांच्या हाती देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

मोठा संग्रह केला म्हणजे तो टिकतोच असेही नाही. अमेरिकेतले मासिकाचे मालक माल्कम फोर्ब्स यांनी लाखाहून अधिक शिपाई जमवले आणि मोरोक्कोतल्या टँजियर शहरात त्यांचे संग्रहालय थाटले. १९९० साली ते वारले. पुढे संग्रहालय बंद झाले, शिपाई विकले गेले आणि जगभर पांगले. पांगलेल्या शिपायांपैकी ज्यांची नोंद बरोबर गेली, त्यांची ओळख राहिली.

आपला मावळा

आता परत आपल्या अंगणात येऊ. न्यूरेम्बर्गचा शिपाई आपल्याला कळतो, लंडनचा कळतो. पण आपल्या गावच्या बाजारात पन्नास वर्षांपूर्वी जो मातीचा मावळा मिळे, तो कसा दिसे? त्याचे पागोटे कसले होते? हातात भाला होता की ढालतलवार? तो कुणी केला, साच्यातून काढला की हाताने घडवला? प्लॅस्टर कधी आले? हे सांगणारी म्हातारी माणसे अजून गावोगाव आहेत. ती नेहमीच राहतील असे नाही.

गुरुजनांना माझी एक विनंती आहे. खर्च काही नाही. दर दिवाळीला एक मावळा शाळेच्या कपाटात ठेवा आणि त्याच्याजवळ एक चिठ्ठी ठेवा. कोणत्या बाजारातून आणला, किती पैशाला, करणाऱ्याचे नाव काय, माती कुठली, साल कोणते. ही चिठ्ठी मुलांकडूनच लिहवून घ्या. त्यासाठी त्यांना कुंभाराच्या घरी जावे लागेल, बोलावे लागेल, ऐकावे लागेल. ज्यांच्या घरी जुने मावळे माळ्यावर पडले असतील, त्यांनी ते फेकू नयेत; तुटके असले तरी चालतील. आणि गावात ती संगमरवरी पाटी असली, तर गेलेल्या माणसांची नावे घरोघर विचारून त्याच वहीत उतरवून ठेवा.

दहा वर्षांनी कपाटात दहा मावळे होतील. त्या वेळी शाळेत असलेला मुलगा पहिली चिठ्ठी उघडील आणि आपल्याच गावच्या एका कारागिराचे नाव वाचील.